जुन्या प्रेसचं काम: एकाच कॉम्प्युटरवर विंडोज ९८ आणि एक्सपी कसं बसवावं?

परभणीकर_प्रेस
राम राम मंडळी. आमची परभणीत छोटी प्रिंटिंग प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांची वार्षिकं, गावोगावच्या सप्ताहाच्या पत्रिका, असं काम वडिलांपासून चालत आलंय. त्यातलं वीस-पंचवीस वर्षांचं काम एका जुन्या मराठी डीटीपी पॅकेजमध्ये अडकलंय. ते पॅकेज विंडोज ९८ वर चालतं आणि त्याचं डोंगल (पॅकेज विकत घेतल्याची खूण पटवणारी छोटी डबी) प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावावं लागतं. आमच्याकडची आवृत्ती एक्सपीवर चालत नाही. उलट स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त एक्सपीचा आहे आणि ९८ ला पेन ड्राइव्ह ओळखू येत नाही.

मशीन पेंटियम ४, इंटेल ८४५ चिपसेटचा बोर्ड, ५१२ एमबी रॅम. ९८ सेकंड एडिशन आणि एक्सपी, दोन्हीच्या विकत घेतलेल्या सीड्या कीसकट जपून ठेवल्यात. जुनी २० जीबीची हार्ड डिस्क अजून चालू आहे, पण आवाज करायलीय. नवीन म्हणून एक ८० जीबीची आयडीई डिस्क मिळाली. तिच्यावर दोन्ही सिस्टिम बसवायच्यात. आधी कोणती टाकू? पार्टिशन कसे पाडू? सविस्तर सांगितलं तर लई उपकार होतील.

गोदाकाठ
नांदेडहून नमस्कार. एक शंका. एवढा खटाटोप कशाला? चांगल्या नव्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन करून त्यात ९८ टाका. एका खिडकीत जुनं, एका खिडकीत नवं. जुनं लोखंड किती दिवस सांभाळणार?

परभणीकर_प्रेस
दादा, तो विचार केला होता. पण नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नाही, आणि डोंगल सापडलं नाही तर पॅकेज उघडतच नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर लावून पाहिलं. ते प्रिंटरपुरतं चालतं, डोंगलला चालत नाही.

मांजरा
लातूरहून. डोंगल आहे म्हणजे खरं मशीनच पाहिजे. ती कन्व्हर्टरं ९८ किंवा एक्सपीला यूएसबी प्रिंटर म्हणून दिसतात. जुनं डोंगल मात्र पोर्टच्या ठरलेल्या पत्त्यावर थेट बोलतं, आणि तो पत्ता तिथं नसतो. ८४५ चा बोर्ड या कामाला उत्तम. त्याला ९८ आणि एक्सपी दोन्हीचे ड्रायव्हर मिळतात. या बोर्डाला जपा, बाहेर आता सहज मिळत नाही.

सगळ्यात आधी एक काम. आवाज करणारी २० जीबीची डिस्क आजच्या आज पूर्ण कॉपी करून घ्या. नुसत्या फाइली घेऊन भागायचं नाही, सगळ्या डिस्कची इमेज करा. क्लोनझिलाची सीडी लावून बाहेरच्या डिस्कवर होते. ते होईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नका.

आता मुख्य मुद्दा. जुनी सिस्टिम आधी, नवी नंतर. आधी ९८, मग एक्सपी. हे का, ते समजून घ्या, म्हणजे पुढं काही बिघडलं तरी गोंधळ व्हायचा नाही. ९८ सेटअप करताना सी ड्राइव्हचा बूट सेक्टर (सिस्टिम सुरू करून देणारा पार्टिशनचा पहिला तुकडा) स्वतःचा लिहितं, तिथं आधी काय होतं ते बघत नाही. त्याला एक्सपी नावाची गोष्टच माहीत नाही. ते १९९८-९९ चं, एक्सपी २००१ चं. एक्सपीला मात्र ९८ माहीत आहे. ते सेटअपमध्ये ९८ चा बूट सेक्टर उचलून 'बूटसेक्ट डॉस' नावाच्या फाइलीत ठेवतं, आपला स्वतःचा टाकतं आणि 'बूट आयएनआय' फाइलीत दोन्हींची नावं लिहितं. मशीन चालू केलं की 'एनटीएलडीआर' ती यादी वाचून विचारतं, कोणतं पाहिजे? ९८ निवडलं की जपून ठेवलेल्या जुन्या सेक्टरकडं सोपवून देतं.

त्यामुळं सी ड्राइव्ह फॅट३२ च राहिला पाहिजे. फॅट३२ आणि एनटीएफएस या डिस्कवर फाइली मांडायच्या दोन पद्धती. ९८ ला एनटीएफएस वाचता येत नाही. एक्सपीच्या सेटअपमध्ये सी एनटीएफएसमध्ये बदलायचा पर्याय दिसला तरी घेऊ नका. एकदा कन्व्हर्ट झालं की विंडोजच्या कमांडनं परत फॅट३२ होत नाही.

पार्टिशनचा क्रम असा ठेवा. पहिला सी, फॅट३२, ९८ साठी, १० जीबी पुष्कळ झाले. दुसरा डी, फॅट३२, दोघांच्या सामाईक कामाचा. तिसरा ई, एक्सपीसाठी, तो सेटअपमध्ये एनटीएफएस करा. बरेच जण एक्सपी दुसऱ्या नंबरवर टाकतात आणि डेटा शेवटी. मग होतं काय, ९८ ला मधला एनटीएफएस दिसतच नाही, ते त्याला अक्षरच देत नाही. एक्सपीत जो ई, तो ९८ मध्ये डी होऊन बसतो. तुमच्या डीटीपीच्या फाइलीत चित्रांचे पत्ते लिहिलेले असतात. एका बाजूला चित्र सापडतं, दुसऱ्या बाजूला रिकामी चौकट. एनटीएफएस शेवटी ठेवला की सी आणि डी दोन्हीकडं तेच राहतात.

तिन्ही पार्टिशन एफडिस्कमध्येच (९८ च्या बूट फ्लॉपीवरचं पार्टिशन पाडायचं साधन) पाडून घ्या. ई एक्सपीच्या सेटअपमध्ये नव्यानं पाडला तर मध्येच सीडी ड्राइव्ह ते अक्षर पटकावून बसतो आणि एक्सपी एफवर जातं.

देवगिरी
मांजरा यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण माझं मत वेगळं. दोन सिस्टिमसाठी दोन हार्ड डिस्क वापरा. एकीवर ९८, दुसरीवर एक्सपी. बसवताना एकच डिस्क जोडायची, दुसरीची केबल काढून ठेवायची. नंतर दोन्ही जोडून जंपर मास्टर-स्लेव्ह लावायचे आणि कोणती पाहिजे ते बायोसच्या बूट यादीतून निवडायचं. कोणाच्याच बूट सेक्टरमध्ये कोणाचा हात नाही. एक गेली तर दुसरी शाबूत. संभाजीनगरला आमच्या ऑफिसातल्या जुन्या मशीनवर मी असंच केलंय.

मांजरा
देवगिरी, तुमचा मार्ग जास्त सुरक्षित, यात वादच नाही. दोन चांगल्या डिस्क हातात असत्या तर मीही तेच सांगितलं असतं. पण त्यांच्याकडची दुसरी डिस्क आवाज करायलीय, तिच्यावर नवीन काही बसवणं धोक्याचं. शिवाय प्रेसमध्ये काम करणाऱ्या पोराला बायोसमध्ये जायला लावण्यापेक्षा समोर यादी आलेली बरी.

परभणीकर_प्रेस
इमेज करून घेतली, दोन ठिकाणी ठेवली. आता एफडिस्कपाशी अडलोय. ८० जीबीची डिस्क असून एफडिस्क मला फक्त १०७८३ एमबी दाखवायलंय. 'लार्ज डिस्क सपोर्ट'ला वाय दाबलं होतं. डिस्क खराब निघाली काय? विकणाऱ्यानं फसवलं का?

बालाघाट
डिस्क एकदम ठणठणीत आहे. विकणाऱ्याला काही बोलू नका.

८० जीबीच्या डिस्कवर एफडिस्कच्या हिशोबानं साधारण ७६३१९ एमबी असतात. त्यातून ६५५३६ वजा करा. किती राहिले? १०७८३. ९८ चं एफडिस्क आकार मोजताना काही ठिकाणी १६ बिटांचे आकडे वापरतं. १६ बिटांत ६५५३५ च्या पुढं मोजता येत नाही, परत शून्यापासून सुरुवात होते. म्हणून ६४ जीबीच्या वरच्या डिस्कला असा तुटका आकार दिसतो. मायक्रोसॉफ्टनं यासाठी दुरुस्त केलेलं एफडिस्क काढलं होतं. ते बूट फ्लॉपीवर जुन्याच्या जागी ठेवा, आकडा बरोबर येईल.

ते मिळालं नाही तर जीपार्टेडच्या लाइव्ह सीडीनं पाडा. फक्त त्यात 'अलाइन टू' म्हणून खाना असतो, तिथं 'सिलिंडर' निवडा. आपोआप 'एमआयबी' येतं, ते नव्या सिस्टिमसाठी ठीक, पण डॉस आणि ९८ सिलिंडरच्या हिशोबातले आहेत.

जाता जाता, पुढं कोणी हा धागा वाचून मोठी डिस्क लावणार असेल तर. ९८ चा मूळ आयडीई ड्रायव्हर १३७ जीबीच्या पुढं लिहू शकत नाही. डिस्क त्याहून मोठी असेल आणि लिहिणं त्या हद्दीपलीकडं गेलं तर सुरुवातीचा डेटा खराब होतो, आणि त्याची सूचनाही मिळत नाही. एक्सपीत ही सोय सर्व्हिस पॅक १ पासून आली. १६० किंवा २५० ची डिस्क अशा मशीनला लावूच नका. ८० चांगली.

परभणीकर_प्रेस
बरोबर आला आकडा! ७६३१९. जीव भांड्यात पडला. सी १० जीबी प्रायमरी आणि अॅक्टिव्ह, बाकी एक्स्टेंडेडमध्ये डी ४० आणि उरलेला ई. सी आणि डी फॉरमॅट केले, ई तसाच ठेवला.

मांजरा
झकास. आता सीडीवरचं 'विन९८' फोल्डर आधी डीवर कॉपी करा आणि सेटअप तिथून चालवा. सीडीपेक्षा लवकर होतं, आणि पुढं प्रिंटर नाहीतर मोडेम लावताना ९८ सीडी मागत बसत नाही. बोर्डचे ९८ चे ड्रायव्हर सुद्धा सीडीवर उतरवून डीवर टाका. चिपसेटचा आधी, मग डिस्प्ले, साउंड, लॅन.

आणि एक, सेटअप यूपीएसवरच करा. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. फॅट३२ वर लिहिणं चालू असताना लाइट गेली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होतं, आणि अर्धवट फाइलींचे तुकडे सापडतात. एनटीएफएस बदलांची नोंद ठेवतं, त्यामुळं एक्सपीचा पार्टिशन यातून बऱ्यापैकी सावरतो. ९८ बिचारं सावरत नाही.

गंजगोलाई
मीही लातूरचाच. मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडंही ८४५ आहे, त्यात १ जीबी रॅम लावली तर ९८ सुरूच होईना. 'विंडोज सुरू करायला मेमरी पुरेशी नाही' असा मेसेज देतं. रॅम वाढवली तर मेमरी कमी कशी पडेल?

बालाघाट
दादा, मेमरी कमी पडत नाही, पत्ते कमी पडतात. ९८ चा डिस्क कॅश सांभाळणारा व्हीकॅश जितकी रॅम दिसेल तितकी मोठी जागा आपल्यासाठी राखून ठेवतो. रॅम ५१२ एमबीच्या पुढं गेली की तो सिस्टिमच्या वाट्याचे पत्ते इतके खातो की बाकीच्यांना काही उरत नाही.

सिस्टिम आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'व्हीकॅश' नावाचा चौकटी कंसातला विभाग असेल, तिथं मॅक्सफाइलकॅश, मग बरोबरचं चिन्ह, मग ५२४२८८ असं लिहा. मॅक्सफाइलकॅश इंग्रजीत सलग, मध्ये जागा न सोडता. आकडा केबीत आहे, म्हणजे ५१२ एमबी. त्याहून कमी ठेवला तरी चालतं. ९८ सुरूच होत नसेल तर डॉसच्या एडिटमधून बदला, किंवा थोडा वेळ एक रॅम काढून ठेवा. एक्सपीला याची काही गरज नाही, त्याला पूर्ण १ जीबी वापरता येते.

गंजगोलाई
चालू झालं. धन्यवाद भाऊ.

परभणीकर_प्रेस
९८ बसलं, डोंगल लावलं, पॅकेज उघडलं, जुन्या पत्रिका जशाच्या तशा दिसायल्यात. बाबा येऊन बसले होते शेजारी. नंतर एक्सपीही टाकलं ईवर. चालू केल्यावर दोन्ही नावं येतात. आता दोन गोष्टी. यादी ३० सेकंद थांबते आणि आपोआप एक्सपीत जाते, मला आपोआप ९८ पाहिजे. आणि ९८ मध्ये सीडी ड्राइव्ह आधी एफ होता, आता ई झालाय. पॅकेजची क्लिपआर्टची सीडी एफवर शोधतंय ते.

मांजरा
पहिलं सोपं. एक्सपीत माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, तिथं स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्ज. वरच्या खान्यात विंडोज ९८ निवडा, सेकंद हवे तेवढे करा. बूट आयएनआय हातानं बदलायची गरज नाही.

दुसरं असं झालं. ई फॉरमॅट व्हायच्या आधी ९८ ला तो फॅटचा वाटत होता, म्हणून त्यानं त्याला ई दिला आणि सीडीला एफ. एक्सपीनं तो एनटीएफएस केला, ९८ च्या नजरेतून तो गेला आणि सीडी एक अक्षर मागं सरकली. सीडीचं अक्षर दोन्हीकडं पक्कं करून टाका. ९८ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून सीडीरॉमच्या प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, खाली 'रिझर्व्ह्ड ड्राइव्ह लेटर्स'. सुरुवात आणि शेवट दोन्ही आर करा. एक्सपीत डिस्क मॅनेजमेंटमधून तेच आर. मग पॅकेजला एकदाच नवा पत्ता सांगा.

आणि डी सामाईक आहे म्हणून एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: एक्सपी कधीही हायबरनेट (चालू अवस्था डिस्कवर साठवून मशीन बंद) करायचं नाही. हायबरनेटमध्ये डीची अवस्था एक्सपीच्या आठवणीत गोठलेली असते. तुम्ही ९८ मध्ये जाऊन डीवर काम केलं आणि परत एक्सपी जागं केलं, तर ते जुन्या आठवणीवरच लिहितं. फाइली नासतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून हायबरनेशन बंदच करा.

देवगिरी
त्यात भर. डीवरच्या फाइलींना एक्सपीतून देवनागरी नावं देऊ नका. ९८ ला त्या नावांच्या जागी नुसत्या रेघा दिसतात आणि फाइल उघडत नाही. नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

परभणीकर_प्रेस
समजा उद्या ९८ बिघडलं आणि परत टाकायची वेळ आली, तर एक्सपी जाणार का?

मांजरा
एक्सपी जागेवरच राहतं, फक्त यादी येणं बंद होतं, कारण ९८ परत आपला बूट सेक्टर लिहितं. सी फॉरमॅट न करता वरच्यावर ९८ टाकलं असेल तर एक्सपीच्या सीडीवरून बूट करा, आर दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये जा आणि फिक्सबूट चालवा. यादी परत येते.

सी फॉरमॅट केला तर काम वाढतं. एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट, बूट आयएनआय आणि बूटसेक्ट डॉस या चारही फाइली सीवर असतात, फॉरमॅटमध्ये जातात. पहिल्या दोन एक्सपीच्या सीडीवर मिळतात. बूटसेक्ट डॉस कुठंच मिळत नाही, ती तुमच्याच डिस्कवर तयार झालेली आहे. आत्ता सगळं चालू आहे तोवर चारही फाइलींची कॉपी डीवर आणि एका फ्लॉपीवर ठेवा. लपवलेल्या असतात, फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टिम फाइल दाखवा म्हणजे दिसतील. पार्टिशनचा आकार बदलला नाही तोवर त्या कामी येतात.

गोदाकाठ
हे सगळं वाचून माझं पहिलं मत बदललं. पण खरा प्रश्न पुढं आहे. बोर्ड आज ना उद्या जाणार. तोवर जुनं काम बाहेर कसं काढायचं? हे फाँट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत) आधीचे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. दुसऱ्या मशीनवर फाँटशिवाय उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

बालाघाट
दोन कामं आहेत, वेगवेगळी करा.

पान जसंच्या तसं जपायचं असेल तर ९८ मध्ये एक पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटर टाका. ९८ च्याच यादीत अॅपल लेझररायटर आहे, प्रिंटर खरा असायची गरज नाही. पोर्ट विचारेल तिथं 'फाइल' निवडा. पॅकेजमधून प्रिंट दिली की फाइलचं नाव विचारेल, ती डीवर ठेवा. मग एक्सपीत येऊन घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामनं त्याची पीडीएफ करा. फाँट पीडीएफच्या आत जातात, पान कुठंही तसंच दिसतं. यासाठीच तर दोन सिस्टिम एका मशीनवर पाहिजेत. एकीकडं लिहायचं, दुसरीकडं उचलायचं. पण त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येणार नाही, आत इंग्रजीच अक्षरं आहेत.

मजकूर परत वापरायचा असेल तर एक्सपीत रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ला खूण करा. एक्सपीची सीडी मागेल. मग मंगल फाँटसह युनिकोड मराठी चालते. कन्व्हर्टर त्या त्या फाँटसाठीच बनवलेला घ्या, प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा असतो. आणि रूपांतर झाल्यावर वाचल्याशिवाय छापू नका. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तर आणखी उलटा. गडबड नेमकी 'कीर्तन', 'विठ्ठल', 'सर्व' असल्या शब्दांत होते, आणि सप्ताहाची पत्रिका म्हणजे हेच शब्द.

परभणीकर_प्रेस
पाच पत्रिकांची पीडीएफ केली, मोबाइलवर उघडून पाहिली, अक्षर न् अक्षर बरोबर. आता शाळांची वार्षिकं घेतो, त्यातले फोटो दुसरीकडं कुठंच नाहीत. चारही फाइली फ्लॉपीवर घेतल्या. एक शेवटचं विचारतो, एक्सपीला नेट लावू का? कन्व्हर्टर उतरवायला बरं पडेल.

मांजरा
नको. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, ९८ चे तर २००६ लाच. लॅनची वायर काढून ठेवा. जे उतरवायचं ते नव्या मशीनवर उतरवा, तपासा, आणि पेन ड्राइव्हनं एक्सपीतून डीवर टाका. पीडीएफही त्याच वाटेनं बाहेर काढा. आणि बायोसचा सेल बदलून घ्या, सीआर२०३२. तो उतरला की तारीख आणि सेटिंग्ज जातात, आणि जुन्या फाइली तारखेनं लावायच्या असतील तर सगळाच घोळ होतो.

परभणीकर_प्रेस
आजच बदलतो. वार्षिकं झाली की इथंच कळवतो, घोस्टस्क्रिप्टमध्ये मोठ्या पानांचं काही अडलं तर विचारीन.